मरळ न खाणारी दोन घरं

बाबुलाल सुगतेला भाऊकी नव्हती. हे दुःख केवढं असतं, ते ज्याच्या दारात चुलत्यांची आणि चुलतभावांची रीघ लागलेली असते त्याला कधी कळायचं नाही. उलट तो म्हणेल, सुटलास लेका, बांधावरून डोकी फुटत नाहीत, वाटण्यांची कटकट नाही. बाबुलालही चारचौघांत तसंच म्हणायचा. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या फॅक्टरीत त्याची उभी हयात गेली होती. क्वार्टरचा शेजार होता, युनियनचे सोबती होते, विहारातली माणसं होती, आणि निवृत्तीनंतर जवळच बांधलेल्या घराच्या वास्तूला हीच माणसं पोटभर जेवून गेली होती. माणसांची काही कमी नव्हती. पण मुलीच्या, रुचिताच्या, साक्षगंधात त्याची फजिती व्हायची ती झालीच.

साखरपुड्यासारखाच हा समारंभ, त्यात दोन्हीकडच्या माणसांच्या भेटी होतात. मुलाच्या बापाची मुलीच्या बापाशी, मामाची मामाशी, एकमेकांच्या गळ्यात हार घालून. मग कुणीतरी पुकारलं, "आता काका! काका या समोर!" आणि नवरदेवाच्या बाजूनं तीन धिप्पाड काका मिशा सावरत पुढे आले. या बाजूला कुणीच नाही. शेवटी कृष्णराव, बाबुलालचा फॅक्टरीतला दोस्त, कुणीतरी ढकलल्यावर हसत हसत पुढे झाला आणि उसना काका बनून त्यानं तीन हार घालून घेतले. सगळे हसले. बाबुलालही हसला. घरी आल्यावर मात्र त्यानं ताटाकडे पाहिलं नाही. बायको मंगलाबाई विचारायला आली तेव्हा म्हणाला, "आपल्या पोरीले एक काका नाही वो."

बाबुलाल एकुलता एक. त्याचा बापही एकुलता एक. आजा मंगरू मूळचा सिहोऱ्याचा. मंगरूला एक भाऊ होता आणि तो तरणेपणीच कुठंतरी निघून गेला, एवढंच बापाच्या तोंडून ऐकलेलं. त्या काळी घराचं आडनाव हाडपे होतं. ते काही कुणी हौसेनं घेतलेलं नव्हतं. मेलेली गुरं ओढायची, हाडं गोळा करायची, म्हणून गावानं चिकटवलेलं. छप्पन सालानंतर मंगरूनं दीक्षा घेतली तेव्हा आधी घरातले देव तळ्यात सोडले आणि मग हे आडनाव सोडलं. मुलगा फॅक्टरीत लागला तो सुगते म्हणून. मंगरूनं बरोबरच केलं. ज्याला चूक वाटत असेल त्यानं एक दिवस हाडपे म्हणून सिहोऱ्याच्या बाजारात फिरून दाखवायला हवं होतं. फक्त एक गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. तो गेलेला भाऊ कधी परत शोधत आलाच, तर त्याच्याजवळ विचारायला तेवढं एकच नाव होतं.

रुचिताचं स्थळ मात्र झकास जमलं होतं. मुलगा अश्विन, लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचा. वीज कंपनीत नोकरी, घरी धानाची शेती, आईबाप साधे. आडनाव नंदागवळी. सोयरीक जुळवताना आपल्याकडे जे विचारतात ते सगळं रीतसर विचारून झालं. आडनाव वेगळं, मामाचं आडनाव वेगळं. बापाच्या पलीकडे कुणी गेलं नाही, आणि जायचं कारणही नव्हतं.

उलट त्या घरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा फार मजा झाली होती. तळ्यातली मासोळी केली होती. मंगलाबाईनं भीत भीत विचारलं, "कोणती होय?" अश्विनची आजी रुखमिणी लगेच म्हणाली, "रोहू होय, खा तुमी. मरळ आमच्या घरी चढत नाही." आता या तलावांच्या मुलखात मरळ न खाणारं घर शोधून सापडायचं नाही. तिच्यासाठी लोक पहाटेपासून तळ्याच्या पारीवर, बांधावर, गळ टाकून बसतात. बाबुलाल घास हातात धरून मोठ्यानं हसला. "आमच्याही घरी नाही चढत!" का नाही, ते त्यालाही माहीत नव्हतं आणि रुखमिणीलाही. सासऱ्यांनी सांगितलं होतं, एवढंच ती म्हणाली. अश्विनच्या बापानं, जीवननं, होणाऱ्या व्याह्याच्या हातावर टाळी दिली. "झालं इवाई! पोरीले सासरी जेवाचा तरास नाही." लग्न पक्कं झालं ते खरं म्हणजे त्या पंगतीत.

त्यानंतर पाच-सहा महिने रुचिता आणि अश्विन फोनवर बोलत राहिले. रुचिता भंडाऱ्याला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. कामावरून आली की अश्विनचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "जेवली काय?" मंगलाबाई चिडवायची, हा पोरगा तुला जेवणाशिवाय काही विचारतो की नाही. आणि रुचिता लाजून खोलीत पळायची. सत्तावीस वर्षांची, कुणाला उलट बोलायला न घाबरणारी पोरगी, पण लाजायची.

लग्न मे महिन्यात होतं. एप्रिलमध्ये बाबुलाल सिहोऱ्याला गेला, ते या काकापायीच. पुन्हा कृष्णरावला उसना उभा करायचा नाही, असं त्यानं मनाशी घेतलं होतं. जुन्या मोहल्ल्यात लांबचं का होईना, कुणी सापडलं तर त्याला हाताला धरून मांडवात आणायचं.

मोहल्ल्यात त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांनी एका म्हाताऱ्या बाईकडे बोट दाखवलं. सत्यभामाबाई नव्वदीच्या पुढची, अंगणात खाटेवर बसलेली, डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट.

"कोण होय?"

"मी बाबुलाल, आजी. मंगरू हाडप्याचा नातू." टाकून दिलेलं आडनाव त्याच्या तोंडून बिनबोभाट निघालं, कारण सुगते म्हटलं असतं तर म्हातारीला काहीच उमगलं नसतं.

"मंगरूचा!" तिनं त्याचा हात चाचपून पाहिला. "बस गा. लय वर्षानं आला तुमच्या घरचा कोणी."

बाबुलालनं येण्याचं कारण सांगितलं. तिनं मान हलवली. "तुमच्या घरचं आता कोणी नाही इथं, बाबू. कोणाले देऊ काका म्हणून?"

तो निराश झाला. तरी बसला, पाणी प्यायला. आणि काहीतरी बोलायचं म्हणून, हसण्यावारी न्यायचं म्हणून, त्यानं ती मरळीची गंमत सांगितली. व्याह्यांचं घरही आपल्यासारखंच मरळ खात नाही, आहे की नाही मजा.

म्हातारी हसली नाही. "सारं घर नाही खात, का एखादं माणूस?"

"सारं घर. बुढीपासून लेकरापावतर."

"कोणत्या गावचे म्हणलं?"

"दिघोरीचे. लाखांदूरकडचे."

सत्यभामाबाईनं त्याला जवळ सरकायला सांगितलं. मग सांगू लागली. तिनं ते तिच्या सासूकडून ऐकलं होतं आणि सासूनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मरळ तुमच्या घरी देवासाठी बंद नाही झाली गा. मालगुजाराच्या तलावात आपल्या लोकाइले पाय टाकाची बंदी होती. तुह्या आज्याच्या बापानं एक मरळ धरली. लेकरं उपाशी होती त्याची. मालगुजाराच्या माणसाइनं त्याले पारीवरच मारला. जीव जायेपर्यंत मारला. आन् तेच मासोळी त्याच्या छातीवर ठेवून घरी आणून टाकला. मंगरूच्या मायनं दोनी पोराइचे हात बापाच्या आंगावर ठेवले आन् म्हणे, तुमच्या वंशात हे मासोळी कोणी खाल्ली त बापाचं मास खाल्लं समजा." तिनं दोन बोटं वर केली. "दोनच पोरं होते. मंगरू आन् तुलाराम. दुसरं कोणी मरळ सोडत नाही बाबू. जगात दोनच घरं आहेत."

"तुलाराम कुठं गेला?"

"धान कापाले चौरासात, तिकडं लाखांदूरकडं गेला होता. तिकडंच घरजावई झाला म्हणे. मंग नाही आला. हाडपे म्हणून कोणी पोरगी देत होतं काय? सासऱ्याचं आडनाव लावलं असन."

बाबुलालला आधी काय वाटलं ते सांगायलाच हवं, कारण तो पुढे स्वतःला त्याचसाठी दोष देत राहिला. त्याला आनंद झाला. त्याचा भाऊ सापडला होता! जीवन नंदागवळी, दिलदार, टाळी देऊन हसणारा, हा त्याच्या आज्याच्या सख्ख्या भावाचा नातू. साक्षगंधात समोरून आलेले ते तीन धिप्पाड काका त्याच्याच घरचे होते. तो म्हातारीच्या पाया पडला, रस्त्यावर आला, बसमध्ये बसला आणि तुमसरपर्यंत मनातल्या मनात हसत होता. तुमसरच्या स्टँडवर बस थांबली, समोर एक नवराबायको लेकराला केळं भरवत होती, आणि तेव्हा कुठे त्याचं हसणं थांबलं.

मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आत्याच्या मुलाशी चालतं. पण भाऊकीतली मुलगी कितव्याही पिढीची असो, ती बहीणच. देव सोडले, कुळाचार सोडले, हे मात्र कुणी सोडलं नव्हतं.

मंगलाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. "तुमी सिहोऱ्याले गेलेच नाही. काही आयकलं नाही. ते बुढी आज हाय, उद्या नाही. चार पिढ्या झाल्या, कोण धरते?"

"माहीत झालं न पण."

"तुमाले झालं. पोरीले झालं काय? चूप राहा. तुमच्या पाया पडतो, चूप राहा."

तिचं खरं होतं. चार दिवस तो गप्प राहिलाही. पण मनात एक आशा कुरतडत होती, की कदाचित म्हातारीचं चुकलं असेल. रुखमिणी म्हणेल की आमचे सासरे साकोलीचे, नाहीतर पवनीचे, आणि सगळं मिटेल. तेवढं एकदा तिच्या तोंडून ऐकावं. मंगलाबाईला न सांगता, आहेराची बोलणी करायची म्हणून तो दिघोरीला गेला.

जीवननं अंगणात खुर्ची टाकली, चहा मागवला. रुखमिणी शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. बाबुलालनं जमेल तितक्या सहज विचारलं, "काकी, तुमचे सासरे इथलेच काय?"

"नाही वो. ते घरजावई होते. सिहोऱ्याकडचे." तिनं सूप खाली ठेवलं. "मोठा भाऊ होता म्हणे तिकडं, मंगरू नावाचा. मरेपावतर त्याची आठवण काढे. एकदा गेलेही होते भेटाले. हाडप्याचं घर कोणतं म्हणून इचारलं, त पोट्टे म्हणे हाडपे कोणी राह्यतच नाही इथं. रडत आले वापस."

इथं बाबुलालला गप्प बसता आलं असतं. चहा पिऊन, आहेराचं बोलून, जयभीम करून उठता आलं असतं. पण कुणीतरी आपल्या आज्याला शोधत आलं होतं, रडत परत गेलं होतं, हे ऐकल्यावर त्याच्यानं राहवलं नाही.

"मंगरू माहा आजा होय, काकी."

रुखमिणी सूप ओलांडून आली आणि तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. मोठ्यानं रडली. "माह्या सासऱ्याच्या घरचा हाय रे हा! आला रे मंगरूचा!" सगळं घर बाहेर आलं. जीवन जागच्या जागी उभा होता. मग तो पुढे झाला, वाकून बाबुलालच्या पाया पडला आणि आजवर कुणी रक्ताच्या हक्कानं मारली नव्हती ती हाक त्यानं मारली.

"दादा."

आणि त्याच वाकलेल्या अंगानं, वर न बघता म्हणाला, "मंग लगन कसं होईन, दादा?"

बाबुलाल खूप बोलला. चौथी पिढी आहे. कायदा अडवत नाही. आपण कुळ मानत नाही, आपण जयभीमवाले, असल्या गोष्टी आपणच धरून बसलो तर दीक्षा कशाला घेतली. युनियनच्या सभेत बोलायचा तसा बोलला, आणि सगळं खरं बोलला. जीवननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"देव सोडाची शपथ घेतली आपण, दादा. बहीण सोडाची घेतली काय?" त्याचे डोळे भरले होते. "माहीत नव्हतं तोवर चाललं. आता मी त्या पोरीले सून म्हणून कसा पाहू? माही पुतनी होय ते."

रुचिता त्या दिवशी लॅबमधून आली तेव्हा आईबाप दोन टोकांना बसलेले होते. बापानं सांगितलं. तिनं रडारड केली नाही. एवढंच विचारलं, "काहून शोधलं तुमी, बाबा?"

"मांडवात काका पाहिजे होता, बाई."

ती हसली. ते हसणं ऐकून मंगलाबाई तोंडाला पदर लावून आत गेली.

मग तिनं अश्विनला फोन लावला, बापासमोरच. रजिस्टर लग्न करू म्हणाली. रक्ताचा प्रश्न म्हणशील तर चौथ्या पिढीत काही उरत नाही, मी रोज तेच काम करते, मला विचार, म्हणाली. नागपूरला राहू, कुणाला तोंड दाखवायला नको. 

"मले नाही जमणार, रुचिता. मनात बसलं ते. जाऊनच नाही राहिलं."

"माह्या मनात काय बसलं, ते कोणी इचारन काय?"

 फोन ठेवता ठेवता सवयीनं अश्विनच्या तोंडून निघून गेलं, "जेवण करशीन."

मांडव मोडला. खरं कारण सांगायचं म्हणजे साक्षगंध भावाबहिणीचं केलं असं सांगायचं. ते दोन्ही घरांना लाजिरवाणं. म्हणून कुणीच काही सांगितलं नाही, आणि लोकांनी आपापल्या मनानं कारणं शोधली. मुलीचं लग्न मोडलं की कारण मुलीतच सापडतं. पुढे दोन स्थळं येऊन गेली आणि दोन्ही चौकशीतच थंडावली. तिसऱ्याला रुचितानंच येऊ दिलं नाही.

भाऊकी मात्र आली, अगदी भरभरून आली. जीवन माणूस म्हणून सोन्यासारखा होता, त्यामुळे बाबुलालला त्याचा रागही धरता येईना. त्याचा आठवड्याला फोन, "दादा, तब्येत कशी?" शेतीचा काही सौदा असला की आधी दादाला विचारायचं. बाबुलालला ताप आला तेव्हा ते तिन्ही धिप्पाड काका गाडी करून आले, त्याच्या उशाशी बसले, आणि त्यांना चहा दिला तो रुचितानं. दिवाळीच्या सुमारास जीवननं नव्या तांदळाचं पोतं पाठवलं. रुचिता तो भात शिजवते, आईबापाला वाढते आणि स्वतः पोळी खाते. 

बाबुलालनं साठ वर्षं जे मागितलं ते त्याला मिळालं होतं, आणि त्याच्यासारखा भिकारी कुणी नव्हता.

थंडीत एका दुपारी रुखमिणीचा फोन आला. फॅक्टरीच्या मशिनींनी बाबुलालचे कान निकामी केलेले, त्यामुळे त्याचा फोन कायम स्पीकरवर असतो. म्हातारीचा आवाज घरभर घुमला. अश्विनचं ठरलं होतं. अर्जुनी मोरगावकडची मुलगी. "या वेळी साऱ्या पिढ्या इचारून घेतल्या आम्ही," ती म्हणाली. बाबुलाल "बरं झालं काकी" म्हणाला. फोन ठेवावा असं त्याला वाटलं.

"आयक न गा. अश्विनले सख्खी बहीण नाही, आन् त्याच्या काकाइलेही पोट्टेच. करवली कोणाले करू? जीवन आढेवेढे घेऊन राहिला, म्हणून मीच लावला फोन. मी म्हणलं, आपली रुचिता हाय न. घरचीच पोर. तिले दोन दिस आधी घेऊन ये. हळद बहिणीच्या हातानं लागू दे त्याले."

म्हातारीच्या मनात कणभर पाप नव्हतं. तिला दुखवायचं नव्हतं, उलट तुटलेलं जोडायचं होतं. आणि तिच्या बाजूनं तिचं अगदी रास्त होतं. बाबुलालनं "नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्याला नाही म्हणता येत नाही. रुचिता करवली होणार नाही म्हणजे ती अश्विनची बहीण नाही. आणि बहीण नाही, तर मे महिन्यातला मांडव कोणत्या तोंडानं मोडला? नाही म्हणायचंच होतं तर ते तेव्हा, त्या अंगणात, जीवन पाया पडला त्या घटकेला म्हणायचं होतं. तेव्हा त्यानं "दादा" ही हाक पदरात घेतली होती.

"हॅलो? बाबुलाल? आयकून राहिला काय?"

रुचिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बाबुलालनं तिच्याकडे पाहिलं. ती ओरडेल, फोन हिसकावून फेकेल, निदान शिवी देईल, अशी त्याला आशा होती. तिनं असं काही केलं असतं तर त्याचा जीव सुटला असता.

"येतो म्हणून सांगा न, बाबा," ती म्हणाली. "आजी वाट पाहून राहिली."

"आणतो काकी," बाबुलाल म्हणाला.

रुचितानं ओले हात ओढणीला पुसले, त्याच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"करवलीची साडी ते देतीन," तिनं विचारलं, "का आपल्याले घ्या लागन?"

बाबुलालला ते माहीत नव्हतं.